गच्चीवरची फुली

दि. ४ जानेवारी

ती. अण्णांस,
टिल्लूचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. पाकिटावरचा पत्ता तुम्ही नेहमीसारखा पाटी रंगवावी तसा काढलात, त्यामुळे लॉजचा मालक मला कोणी बडी असामी समजतो. त्याने ते पाकीट मागून घेतलं आणि आपल्या गल्ल्यामागच्या भिंतीवर चिकटवलं.

हे नवं काम नेमकं काय आहे असं तुम्ही विचारलंत, कारण कट्ट्यावरच्या मंडळींना सांगताना तुमची पंचाईत होते. तर सांगतो. विमान कंपनीने आम्हाला बिनपगारी रजेवर बसवलं त्याला वर्ष होऊन गेलं. यादीत माझा नंबर लागेल तेव्हा बोलावतील. तोवर उडवण्याची सवय मोडू नये आणि लायसन्स जिवंत राहावं म्हणून हे धरलं आहे. विमान लहान आहे, दोन पंख्यांचं. आत माणसं दोनच, मी आणि मागे कॅमेरा सांभाळणाऱ्या एक बाई. विमानाच्या पोटाला भोक पाडून त्यात कॅमेरा बसवलाय, तो सरळ खाली बघतो. ठरलेल्या उंचीवरून ठरलेल्या रेघेवर सरळ जायचं, टोकाला वळायचं आणि पहिल्या रेघेला लागून उलटं परत यायचं. शेत नांगरतात तसं. थोडा भाग दोन्ही रेघांत यावा लागतो, नाहीतर मध्ये फट राहते. सगळे फोटो जोडले की त्यांचा नकाशा होतो. सूर्य डोक्यावर असतानाच काम करायचं, म्हणजे सावल्या आखूड पडतात. ढग आले की सुट्टी.

जमिनीवर आमची दुसरी टोळी असते. ती चौकात, मैदानात, नेमून दिलेल्या जागी पांढऱ्या रंगाची मोठी फुली काढते. फुलीची जागा आधी काटेकोर मोजलेली असते. फोटोत फुली सापडली की ऑफिसातल्या लोकांना कळतं, हा फोटो जमिनीवर नेमका कुठे बसवायचा.

एवढंच काम. प्रवासी नाहीत, त्यामुळे घोषणा नाही. परवा वळण घेताना सवयीने मी डावीकडे तळं दिसेल असं बोलून गेलो. मागच्या बाईंनी, त्यांना इथे सगळे मावशी म्हणतात, बरं म्हणून उत्तर दिलं.

औषधं चुकवू नका. माया आहे तशीच राहू द्या.

आपला,
टिल्लू

*

दि. ११ जानेवारी

चि. टिल्लूस,
ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र अण्णांना वाचून दाखवलं. दोनदा. फुलीचा मजकूर तिसऱ्यांदा, कारण रंग कोणता, ऑइल पेंट की डिस्टेंपर, पट्टे किती लांब, कडा कशा, यातलं तू काहीच लिहिलं नाहीस म्हणून ते चिडले. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या माणसाला नुसतं पांढरी फुली म्हणून सांगतोस. स्वयंपाक्याला जेवणात जेवण होतं म्हणून सांगावं तसं झालं.

आता मी वाचून दाखवलं असं का लिहिते ते ऐक. अण्णांचे डोळे चाललेत. चष्म्याचं प्रकरण नाही, आतलंच काही झिजतंय. इंजेक्शनं चालू आहेत, औषधाच्या दुकानात गल्ल्यावर मीच बसते म्हणून ती वेळेवर तरी मिळतात. गेलेलं परत येणार नाही असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. आहे ते टिकलं तर वर्ष म्हणजे डोक्यावरून पाणी. पेपर बघताना दाणा टिपणाऱ्या कोंबडीसारखी मान तिरकी करतात. मी हसते आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आदळते. तुझ्या लॉजवाल्याला ज्याचं एवढं कौतुक, तो पत्ता काढायला त्यांची अख्खी सकाळ जाते. याहून जास्त तुला काही कळवायचं नाही अशी मला ताकीद आहे. एवढं लिहिलं हेही त्यांना कळता कामा नये.

म्हणून म्हणते, ये. वर्षभरात तू घराचा उंबरा ओलांडला नाहीस. ये म्हटलं की म्हणतोस, बोलावणं आलं की गणवेशातच येतो. अरे, गणवेश बघायला घरात डोळे तर शिल्लक राहिले पाहिजेत.

आणि ह्या मावशी कोण? वय काय? नात्याने सगळ्यांच्या मावशी असल्या तरी मला सगळं कळलं पाहिजे. तुझे भाऊजी म्हणतात, बिचाऱ्याला बोलायला कोणी मिळालं तर तू का नाक खुपसतेस. त्यांना म्हटलं, हे नाक भाऊ जन्मला तेव्हापासून खुपसलेलं आहे.

लोभ आहेच. वाढवायचा असेल तर येऊन वाढव.

तुझी,
ताई

*

दि. १९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मावशी तुझ्याहून पुष्कळ मोठ्या आहेत, त्यांना नातू आहे. त्याच्यासाठी स्वेटर विणतात. रेघ चालू असताना डोळे कॅमेऱ्याच्या पडद्यावर ठेवावे लागतात, म्हणून विणकाम फक्त वळणावर. एका वळणात एक ओळ. मध्यंतरी ढगांमुळे पाच दिवस नुसते बसून होतो तर त्या म्हणाल्या, बाही अडकली.

डोळ्यांचं वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. कागदाची घडी घालून खिशात ठेवला आणि विमानात तेल भरून घ्यायला गेलो. टाकी भरेपर्यंत मीटरचे आकडे बघत उभा होतो. तेव्हा लक्षात आलं की मला काही वाटत नाहीये. वाईट वाटत नाही असं नव्हे. वाटतच नाही. कंपनीने आमची ओळखपत्रं एका ट्रेमध्ये गोळा केली त्या दिवसापासून हे असं आहे. डॉक्टरकडे गेलो नाही, कारण वैमानिकाने असलं काही डॉक्टरला सांगितलं की उरलेलं लायसन्सही जातं. जेवतो, झोपतो, रेघा सरळ येतात. आमच्या साहेबांच्या मते माझ्याइतक्या सरळ रेघा कोणाच्याच नाहीत.

खोलीत एक पलंग आहे, एक खुर्ची, एक कपाट. कपाटात गणवेश प्लास्टिकच्या कव्हरात टांगलाय. दर रविवारी ते कव्हर पुसतो. का पुसतो माहीत नाही.

यायचं म्हणशील तर तूच विचार कर. मला नोकरी लागली तेव्हा अण्णांनी दारावर पाटी लावली. माझं नाव आणि खाली सोनेरी अक्षरात कॅप्टन. प्रत्येक अक्षराला उजव्या अंगाने करडी सावली दिली, त्यांच्या पद्धतीने. गल्लीतल्या प्रत्येकाला बोलावून दाखवली. आता त्या पाटीखालून सुटकेस घेऊन आत कसा शिरू? बोलावणं आलं की येईन. तोवर अण्णांना सांभाळ.

लोभ कमी करू नकोस.

तुझा,
टिल्लू

*

दि. २५ जानेवारी

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

ताई दुकानात गेली आहे, म्हणून मीच लिहितो. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर चढू देत, तुला वाचायची सवय आहे.

फुलीच्या पट्ट्याची लांबी, रुंदी आणि रंगाची जात कळव. डांबरावर डिस्टेंपर टिकणार नाही, तुमच्या टोळीला सांग.

दुसरं. तुमच्या नकाशात आपलं गाव येतं का? येत असेल तर घरावरून जाशील. घर दिसेल का? मी दुकानदारांना नेहमी सांगायचो, गिऱ्हाईक दारावरून पुढे गेलं तर त्याची चूक नाही, पाटी नीट नसल्याची चूक आहे.

मी ठीक आहे. ताई उगाच बाऊ करते. जेवत जा.

अण्णा

*

दि. २ फेब्रुवारी

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या ओळी लागल्या. फुलीचा एकेक पट्टा साधारण आडव्या झालेल्या दोन माणसांएवढा लांब आणि हातभर रुंद असतो. दोन्ही सारखे, बरोबर काटकोनात. रंग रस्त्यावरच्या पट्ट्यांचा. डिस्टेंपरचं टोळीला सांगितलं. त्यांनी ऐकलं असं वाटलं नाही.

आपलं गाव या कामात येतं. या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, आभाळ निरभ्र असेल तर. आपल्या चौकात टोळीची एक फुली आहेच. पण घर दिसण्याचं म्हणाल तर नाही. खाली कॅमेरा बघतो, मी रेघ दाखवणाऱ्या काट्याकडे बघतो. विमानाच्या बरोबर खाली जे असतं ते वैमानिकाला कधी दिसतच नाही, विमानच आड येतं. दिसतं ते बाजूचं, आणि तेही मी बघत नाही. बघितलं तरी वरून सगळ्या गच्च्या करड्या, सगळ्या टाक्या काळ्या. आपलं घर मला ओळखू येणार नाही. तेव्हा उन्हात गच्चीवर उभे राहून हात हलवू नका, मी हलवणार नाही. पंख तिरका केला की फोटो फुकट जातो.

बाकी ठीक. माया असू द्या.

आपला,
टिल्लू

*

दि. १६ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
ताईचे अ. उ. आ.

तुझं ते मी ओळखणार नाही, मी हलवणार नाही वालं पत्र मला अण्णांना वाचून दाखवावं लागलं. एखादी वेळ खोटं लिहिलं असतंस तर काय विमान पडलं असतं? दिसेल म्हणायचं. म्हाताऱ्याला तेवढंच.

पण त्यांनी मनाला लावून घेतलं नाही. उलट अंगात वारं संचारलंय. उन्हाळ्यात गच्ची तापते, तिला पांढरा रंग द्यायचा म्हणून बसलेत. माझा गुडघा मला वर चढू देत नाही, म्हणून देखरेखीला तुझ्या भाऊजींना पाठवलं, तर तेही त्यांच्यात सामील. खडूची दोरी धर, इकडे ओढ, तिकडे ओढ, असं दिवसभर चाललंय. नुसता पांढरा रंग फासायला दोरीने आखणी कशाला लागते हे मी विचारलं. दोघांनीही मला तुला कळायचं नाही असं सांगितलं. मी दोघांचाही चहा बंद केला.

खरं सांगू का, बऱ्याच महिन्यांनी ब्रश हातात धरलाय त्यांनी. रंगाचा वास अंगाला येतोय. आई असताना यायचा तसा. म्हणून मी फार बोलले नाही.

तुझी खोली, ते कव्हर वगैरे वाचून वाईट वाटलं. तुला वाटत नसेल तर तुझ्या वाटणीचंही मीच वाटून घेते, मोठी बहीण कशाला असते. पण ये.

आहे तोच लोभ.

ताई

*

दि. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अण्णांनी गच्चीला पांढरा रंग दिलेला नाही. गच्चीवर फुली काढली आहे.

काल साहेबांनी ऑफिसात बोलावलं. आपल्या गावच्या फोटोंचा नकाशा बसवला तर आपला चौक आजूबाजूच्या रस्त्यांपेक्षा दुमजली घराएवढा खाली खचला होता. तिथल्या माणसाने दोन दिवस डोकं फोडलं. मग कारण सापडलं. चौकात आमच्या टोळीने काढलेल्या फुलीवर, आम्ही उडायच्या आधीच, रस्तेवाल्यांनी नवं डांबर ओतलं होतं. फोटोत चौकात काही नाही, आणि जवळच्याच एका गच्चीवर मात्र ठसठशीत फुली. त्या माणसाने तीच आमची समजून पकडली, म्हणजे गच्चीच रस्त्याच्या उंचीवर धरली. तो म्हणाला, इतकी नेटकी फुली आपल्या टोळीने जन्मात काढलेली नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. शिवाय त्याला ती फुली गच्चीवरून किंचित अधांतरी वाटत होती, कारण तिची सावली पडली होती.

त्याने फोटो मोठा करून दाखवला. सूर्य डोक्यावर, टाकीची सावली टाकीच्या पायाशी. आणि फुलीला मात्र उजव्या अंगाने करडी सावली, बारीक, एका जाडीची. रंगवलेली.

हे कोणाचं काम असावं, असं साहेबांनी विचारलं. माझ्या वडिलांचं, असं मी सांगितलं. मावशींनी फोटो आपल्याकडे ओढून बराच वेळ बघितला.

आता टोळी चौकात नवी फुली काढेल आणि त्या भागावरून मला पुन्हा उडावं लागेल. त्याआधी गच्चीवरची पुसली गेली पाहिजे. साहेबांनी पत्र लिहून कळवायला सांगितलं. लिहायला बसलो तर पहिलीच ओळ सुचेना. ज्या माणसाला ब्रश धरायला मिळाला म्हणून तू खूश झालीस त्याला ते पुसा म्हणून कसं लिहू? शिवाय अण्णांना शिडीवर पुन्हा चढवणं बरं नव्हे. म्हणून गुरुवारी मीच रंगाचा डबा घेऊन येतो. राग आलाय का हे तपासून पाहिलं. आलेला नाही. दुसरंही काही आलेलं नाही.

लोभ असू दे.

टिल्लू

*

दि. १७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी रात्रीची बस न घेता संध्याकाळचीच घेतली. तू दुकानातून येईपर्यंत थांबलो नाही याबद्दल रागावली असशील. भाऊजींनी सांगितलंच असेल.

काम झालं. मी फुलीपुरताच रंग देणार होतो, अण्णांनी अडवलं. फुलीवर काळा दिलास तर काळी फुली होईल, तीही तेवढीच दिसेल, असं ते म्हणाले. मग करडा देतो म्हटलं, तर खालचा पांढरा डोकावेल म्हणाले. काळाच दे आणि सगळ्या गच्चीला दे. मग भाऊजींनी आणखी डबे आणले आणि दुपारपर्यंत सगळी गच्ची काळी केली. अण्णा टाकीला टेकून बसले होते. हात कुठे उलटा फिरतोय ते सांगत होते. फुली का काढलीत हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

तुला एक सांगतो. तुलाच सांगू शकतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दार उघडलं तेव्हा ये म्हणाले ते चौकटीकडे बघून. जेवताना मी समोर बसलो होतो, ते माझ्या बाजूच्या भिंतीशी बोलत होते. गच्चीवर शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत राहिले. मी दोनदा मुद्दाम त्यांच्या नजरेसमोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी मान वळवली. डोळे अधू झालेत हे ठाऊक आहे, पण हात उलटा फिरतोय ते तर दिसत होतं.

मी समजलो. त्यांचं चूक आहे असं म्हणत नाही. कॅप्टन म्हणून पाटी लावली, आणि दारात डबा घेतलेला रंगारी आला. नाही बघवत एखाद्याला. तू मला डोळे आहेत तोवर ये म्हणत होतीस. मी आलो होतो.

काल विमान कंपनीचा फोन आला. पहिल्या तारखेपासून प्रशिक्षणाला हजर व्हायचंय. ज्याची वर्षभर वाट पाहिली ते आलं. मी बरं म्हणालो, मावशी म्हणतात तसं. गणवेश आता अंगावर येईल. पण तो दाखवायला घरी यावं असं आता वाटत नाही.

अण्णांना यातलं काही वाचून दाखवू नकोस.

तुझा,
टिल्लू

*

दि. २० मार्च

टिल्लू,

आज आशीर्वाद वगैरे काही नाही. गाढवा, आधी नीट वाच.

अण्णांच्या डोळ्यांचं मधलं गेलंय. कडेचं राहिलंय. त्यांनी तुझ्याकडे सरळ पाहिलं तर जिथे तुझा चेहरा तिथे त्यांना राखेसारखा गोळा दिसतो. तुला बघायचं तर त्यांना तुझ्या कानापलीकडे बघावं लागतं. डॉक्टरांनीच तसं शिकवलंय, ज्याला बघायचं त्याच्या शेजारी बघा म्हणून. पेपरला मान तिरकी करतात ती त्यासाठीच. हे तुला कळवायचं नाही अशी ताकीद होती, आणि मी मूर्ख, ती पाळत बसले. तू मुद्दाम नजरेसमोर जाऊन उभा राहिलास म्हणतोस. अरे, तू दिसेनासा झालास, म्हणून त्यांनी मान वळवली.

तू दारात आल्यापासून बसला जाईपर्यंत त्या माणसाने तुझ्यावरची नजर काढलेली नाही. पुरावा पाहिजे? मी दुकानातून आले तेव्हा त्यांनी मला सांगितलं की टिल्लू वाळलाय. डाव्या गालाला दाढी करताना कापलंय. शर्टाची कॉलर मागून उसवलीय, ती शिवून द्यायची राहिली. रंग देताना पाय पूर्वीसारखेच फेंगडे टाकतो. आणि समोर मान खाली घालून बसतो, बाजूला बसला असता तर आणखी दिसला असता. मग बाजूला बस म्हणून सांगितलं का नाही, असं मी विचारलं. म्हणाले, का ते सांगावं लागलं असतं.

फुलीचं तुला त्यांनी सांगितलं नाही, मला सांगितलं. म्हणाले, त्याला घर ओळखू येत नाही असं त्याने लिहिलंय, तर ती पाटी नीट नसल्याची चूक आहे. वर बघून मला तो दिसणार नाही, निदान मी तरी त्याला दिसावा.

आणि तू ज्या पाटीखालून आत येऊ शकत नव्हतास, तिच्याकडे मान वर करून पाहिलंस का? नसणारच पाहिलंस. तुला रजेवर बसवलं त्या महिन्यातच अण्णांनी सुरीने कॅप्टन खरवडून काढलं. आता नुसतं तुझं नाव आहे. पोराला आत यायला अडचण नको, असं म्हणाले होते. वर्षभर ते दार तुझ्यासाठी रिकामं करून ठेवलंय आणि तू लॉजमध्ये प्लास्टिकचं कव्हर पुसत बसलास.

आता नोकरीचं काय करायचं ते तुझं तू ठरव. मी सांगितलं आणि माझं ओझं उतरलं. गच्ची काळी करून घराची भट्टी केलीयेस, त्याचं वेगळं भांडण आल्यावर. खिडक्यांना ओली चादर लावून बसलोय.

कितीही रागावले तरी तुझीच,
ताई

*

दि. २८ मार्च

ती. अण्णांस,
टिल्लूचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र ताईला मोठ्याने वाचायला सांगा. तिला रडायचं असेल तर आधी उरकून घेऊ दे, नाहीतर मध्येच थांबेल.

काल आपल्या गावावरून पुन्हा उडालो. टोळीने चौकात नवी फुली काढली आहे. एक पट्टा वाकडा आहे आणि कडा विस्कटल्यात. तुम्ही बघितली असतीत तर पुन्हा काढायला लावली असतीत.

पहिल्या रेघेवर आपलं घर बरोबर माझ्या खाली आलं, म्हणजे दिसलं नाही. वळून दुसऱ्या रेघेला लागलो तेव्हा ते डाव्या अंगाला येणार होतं. मी कामात बाहेर बघत नाही, हे तुम्हाला लिहिलंच होतं. काल बघितलं. शोधावं लागलं नाही. सगळ्या गावाच्या गच्च्या करड्या, आणि मधोमध एकच काळीकुट्ट. मैलभर आधीपासून दिसत होती. करडा नको, काळाच दे आणि सगळीकडे दे, असं तुम्ही म्हणालात तेव्हाच तुम्हाला हे माहीत होतं, होय ना? मी आपला आज्ञाधारकपणे रंग देत होतो. पाटी पुसायला आलेल्या माणसाकडूनच तुम्ही मोठी पाटी रंगवून घेतलीत.

काळ्यावर एक पांढरा ठिपका होता. तुमचा शर्ट. उन्हात उभे राहू नका असं लिहूनही उभे होतात. तोंड कुठे होतं ते एवढ्या उंचीवरून कळत नाही. पण तुम्ही विमानाच्या थोडं बाजूला बघत असणार हे मला आता माहीत आहे.

अण्णा, मला रडू आलं. वर्षात पहिल्यांदा. चांगलं हुंदके देऊन आलं, समोरचा काटा दिसेना, विमान रेघेवरून सरकलं. मागून मावशींनी सांगितलं की ही रेघ फुकट गेली. मग म्हणाल्या, घाई नाही, सूर्य अजून वर आहे, पुन्हा घ्या. वळणावर त्यांनी विणायला घेतलं नाही. मी रेघ पुन्हा घेतली आणि घर पुन्हा बघितलं. दुसऱ्या वेळी विमान सरळ राहिलं.

विमान कंपनीला कळवलं की पहिल्या तारखेला येऊ शकत नाही, घरी महिनाभर काम आहे. ते म्हणाले, मग ही जागा यादीतल्या पुढच्याला जाईल, तुमचा नंबर पुन्हा कधी लागेल सांगता येत नाही. बरं म्हणालो. मावशींसारखं नव्हे, समजून म्हणालो. महिन्यानंतर साहेब मला परत घ्यायला तयार आहेत. इथल्या रेघा मला येतात.

गुरुवारी येतो. कॉलर शिवलेली नाही, ती तुम्ही शिवा, मी सुईत दोरा ओवून देईन. गणवेश कपाटातच ठेवला आहे. आणि जेवताना या वेळी मी समोर बसणार नाही. तुमच्या बाजूला बसेन. डाव्या बाजूने जास्त दिसतं की उजव्या, तेवढं ताईला कळवायला सांगा.

लोभ असावा असं मागायचं आता कारण उरलं नाही. तो वरूनही दिसला.

तुमचा,
टिल्लू